जुना परजीवी मवाळ होतो का?

विषाणू काळाच्या ओघात आपोआप सौम्य होतो, कारण आपल्याच यजमानाला मारून त्याला काय मिळणार, हे विधान कोविडच्या पहिल्या वर्षात सर्रास ऐकू येत होते. २०२० च्या अखेरीस भारतात डेल्टा हा प्रकार सापडला. तो आधीच्या प्रकारांपेक्षा वेगाने पसरला, आणि ब्रिटनमधल्या नोंदी तपासल्यावर असे दिसले की अल्फाच्या तुलनेत डेल्टाच्या रुग्णाला रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचा धोका सुमारे दुप्पट होता. म्हणजे विषाणू बदलला, पण सौम्य होण्याच्या दिशेने नाही. तरीही तो समज गेलेला नाही, आणि त्याचे कारण त्याच्या वयात आहे. गुरांचा ‘टेक्सास ताप’ गोचिडीमुळे पसरतो हे १८९३ मध्ये सिद्ध करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ थिओबाल्ड स्मिथ यांच्या नावाशी हा विचार जोडला जातो: परजीवी आणि यजमान यांचा सहवास जितका जुना, तितका त्यांचा तंटा कमी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे जवळजवळ पाठ्यपुस्तकी सत्य होते. त्यानंतर जमलेला पुरावा एकत्र मांडला तर निष्कर्ष वेगळा निघतो. परजीवीचे वय त्याचा स्वभाव ठरवत नाही. एका यजमानाकडून दुसऱ्याकडे जायची त्याची वाट कोणती आहे, यावर त्याचा मारकपणा बेतलेला असतो. आणि यजमानही त्याच वेळी बदलत असल्यामुळे हा हिशेब कधीच पुरा होत नाही.

या प्रश्नावरचा सर्वांत मोठा आणि सर्वांत बारकाईने नोंदलेला प्रसंग ऑस्ट्रेलियात घडला. १८५९ मध्ये व्हिक्टोरियातल्या बारवॉन पार्क इथे थॉमस ऑस्टिन या जमीनदाराने शिकारीसाठी इंग्लंडहून ससे आणवले. शतक उलटायच्या आत सशांनी जवळजवळ अख्खे खंड कुरतडून काढले. १९५० च्या सुमारास त्यांची संख्या कोट्यवधींच्या घरात होती. त्यांच्यावर उपाय म्हणून मिक्सोमा हा विषाणू सोडला गेला. दक्षिण अमेरिकेतल्या रानसशांमध्ये हा विषाणू कातडीवर एखादी गाठ आणतो, त्यापलीकडे फारसे काही करत नाही. युरोपीय सशाला मात्र तो जवळपास हमखास मारतो. १९५० च्या अखेरीस मरे नदीच्या खोऱ्यात डासांच्या अंगावरून तो पसरला आणि सशांचे सडे पडले. त्याच सुमारास त्या भागात माणसांमध्ये मेंदूज्वराची साथ आली आणि लोक सशांच्या विषाणूला दोष देऊ लागले. तेव्हा मॅक्फार्लेन बर्नेट, फ्रँक फेनर आणि इयान क्लुनीज रॉस या तिघा शास्त्रज्ञांनी तो स्वतःला टोचून घेतला आणि माणसाला त्यापासून धोका नाही हे दाखवून दिले. सुरुवातीच्या वाणाने लागण झालेल्या शंभर सशांपैकी नव्याण्णवांहून अधिक मरत. फेनर यांनी रानातून विषाणूचे नमुने गोळा करून, कधीही लागण न झालेल्या प्रयोगशाळेतल्या सशांवर ते तपासले आणि मारकपणानुसार त्यांच्या पाच श्रेणी लावल्या. काही वर्षांतच पहिल्या श्रेणीचे वाण मागे पडले आणि तिसऱ्या श्रेणीचे, म्हणजे ७० ते ९५ टक्के ससे मारणारे वाण सर्वाधिक आढळू लागले.

इथपर्यंतची गोष्ट मवाळपणाच्या बाजूने सांगितली जाते आणि बहुतेक जण इथेच थांबतात. पण नीट पाहिले तर ती दुसरेच काही सांगते. शंभरातले सत्तर-नव्वद ससे मारणारा विषाणू कोणत्याही मापाने सौम्य नाही. तो त्या पातळीवर का थांबला, याचे उत्तर डासात आहे. डास चावतो तेव्हा सशाच्या कातडीवरच्या फोडांतून विषाणू त्याच्या सोंडेला चिकटतो. ससा दहा दिवसांत मेला तर डासांना चावायला वेळ कमी मिळतो. ससा लवकर बरा झाला तर फोडांत विषाणूच पुरेसा उरत नाही. मधल्या वाणांना तीन-चार आठवडे मिळतात आणि त्यांच्याच सर्वाधिक प्रती पुढे जातात. रॉय अँडरसन आणि रॉबर्ट मे यांनी १९८२ मध्ये हाच व्यवहार गणितात मांडला: प्रसार आणि यजमानाचे आयुष्य यांची ओढाताण असते आणि निवड त्यांच्यामधला एक बिंदू शोधते. तो बिंदू शून्याजवळच असेल असे गणितात कुठेही नाही. आता सशांकडे पाहू. न्यू साउथ वेल्समधल्या उराना सरोवराजवळच्या सशांना एकाच ठरावीक वाणाने लागण करून पाहिली गेली. लागोपाठच्या सात साथींनंतर त्याच वाणाने होणारे मृत्यू ९० टक्क्यांवरून सुमारे २५ टक्क्यांवर आले. म्हणजे रानात मृत्यू घटले त्यात मोठा वाटा सशांच्या बदलाचा होता. २०१९ मध्ये संग्रहालयांत जपलेल्या, साथीआधीच्या सशांच्या जनुकांची आजच्या सशांशी तुलना झाली. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि फ्रान्स या तिन्ही ठिकाणी प्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकांमध्ये सारखेच बदल झाल्याचे त्यातून दिसले. सशांचा प्रतिकार असा वाढला तेव्हा विषाणूने काय केले? १९९० च्या दशकातले ऑस्ट्रेलियन वाण प्रयोगशाळेतल्या अननुभवी सशांना टोचल्यावर त्यांची प्रतिकारयंत्रणाच कोसळली आणि रक्तात जंतुसंसर्ग व्हावा तसे ते मेले. पूर्वीच्या साथींत हा प्रकार दिसला नव्हता. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा अर्थ उघड आहे. यजमान कणखर झाला, तेव्हा विषाणूही पुन्हा जहाल झाला.

‘पुरेसा काळ जाऊ द्या, मग सौम्य होईल’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप आहे. पन्नास-साठ वर्षे उत्क्रांतीच्या मानाने काहीच नाहीत, हे खरेच. पण काळ मोजायची एक विलक्षण सोय बेल्जियममधल्या लूव्हेन शहराजवळच्या एका तळ्याने करून दिली. तिथे पाणपिसवा राहतात. डॅफ्निया या नावाने त्या ओळखल्या जातात आणि मत्स्यपालन करणाऱ्यांना त्या परिचयाच्या आहेत. त्यांना पास्टुरिया नावाचा एक जीवाणू ग्रासतो. तो पिसवेला लगेच मारत नाही, तिची अंडी घालण्याची क्षमता काढून घेतो. पिसवेची सुप्त अंडी आणि जीवाणूचे बीजाणू दोन्ही तळाच्या गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहतात. एलेन डेकास्टेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाळाचे थर उपसून प्रत्येक थरातली अंडी उबवली. मग त्या पिसवांची त्यांच्याच काळातल्या, आधीच्या थरातल्या आणि नंतरच्या थरातल्या जीवाणूंशी आलटूनपालटून गाठ घातली. पिसवा सर्वाधिक बळी पडल्या त्या आपल्याच काळातल्या जीवाणूला. आधीच्या काळातला जीवाणू त्यांच्या मागच्या पिढ्यांवर बेतलेला होता, नंतरचा त्यांच्या पुढच्या पिढ्यांच्या मागे लागलेला. याचा अर्थ दोन्ही बाजू सतत धावत होत्या आणि लागणीचे प्रमाण मात्र जवळपास जिथल्या तिथे राहिले होते. २००७ च्या या अभ्यासातला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष अनेकदा वगळला जातो: परजीवी प्रथम ज्या थरात सापडतो तिथून वर येताना त्याचा मारकपणा थराथराने वाढत गेला होता. सहवास जितका जुना तितका तंटा कमी, या वाक्याला याहून सरळ उत्तर मिळणे कठीण.

या न संपणाऱ्या धावेला १९७३ मध्ये ली व्हॅन व्हॅलेन यांनी ‘लाल राणी’ असे नाव दिले; लुइस कॅरलच्या गोष्टीतल्या राणीच्या राज्यात जागेवर टिकून राहायलाही पळावे लागते, म्हणून. डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी त्यावर आणखी मोठा दावा केला: नर-मादीच्या मिलनातून पुनरुत्पादन टिकून आहे याचे एक कारण परजीवीच असावेत, कारण मिलनामुळे दर पिढीत जनुकांची नवी जुळणी होते आणि कालच्या जुळणीवर पटाईत झालेला परजीवी चुकतो. न्यूझीलंडच्या तळ्यांमधल्या एका छोट्या गोगलगायीत मिलनाने आणि मिलनाविना अशा दोन्ही पद्धतींनी वाढणाऱ्या माद्या एकत्र राहतात. कर्टिस लाइव्हली यांना असे आढळले की जिथे पर्णकृमीची लागण जास्त, तिथे नरांचे, म्हणजेच मिलनाचे प्रमाणही जास्त. कल्पना देखणी आहे आणि तिला पुरावाही आहे. पण मिलनाची सगळी जबाबदारी एकट्या परजीवींवर टाकण्याइतका तो अजून भक्कम नाही, असे माझे मत आहे.

यजमानाचा प्रतिकार परजीवीला जहाल कसा बनवतो, हे अमेरिकेतल्या हाउस फिंच या चिमणीएवढ्या पक्ष्यात फार स्पष्ट दिसले. १९९४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिसरात या पक्ष्यांचे डोळे सुजून बंद होऊ लागले. कोंबड्यांतला मायकोप्लाझ्मा जीवाणू त्यांच्यात शिरला होता. तो पूर्व किनाऱ्यावर वर्षे जाऊ लागली तसा अधिक मारक होत गेला. पश्चिमेला कॅलिफोर्नियात पोचला तेव्हा तिथले सुरुवातीचे वाण तुलनेने सौम्य होते, पण तिथेही तेच घडले. डाना हॉली यांच्या गटाने कारण शोधले. एकदा आजारी पडून बरा झालेला पक्षी अर्धवट संरक्षित असतो. सौम्य वाण त्याच्यात टिकत नाही. जहाल वाण टिकते आणि त्याला पुन्हा पसरायची संधी मिळते. अपुरा प्रतिकार परजीवीतल्या सौम्य वाणांना चाळून बाहेर काढतो आणि जहाल ठेवून घेतो.

प्रसाराची वाट बदलली की मारकपणा कसा बदलतो, याचा नमुना मराठी वाचकाच्या ओळखीच्या झाडाशी जोडता येतो. उंबर फोडल्यावर आत जे बारीक किडे दिसतात ते उंबरमाशा. फळात शिरून फुलांचे परागण करणारी मादी तिथेच अंडी घालते आणि मरते. या माशांच्या अंगावर सूत्रकृमीही प्रवास करतात. अॅलन हेरे यांनी पनामातल्या उंबरवर्गीय झाडांच्या अकरा जातींच्या माशा आणि त्यांचे सूत्रकृमी तपासून १९९३ मध्ये जे मांडले ते माझ्या मते या विषयातल्या सर्वांत नेटक्या पुराव्यांपैकी एक आहे. काही जातींच्या फळात बहुधा एकच मादी शिरते. तिथे सूत्रकृमीच्या पिलांना पुढे जायला त्याच मादीच्या मुलींशिवाय दुसरी सोय नसते. मादीने कमी अंडी घातली तर कृमीचाच वंश बुडतो. अशा जातींत कृमी जवळजवळ निरुपद्रवी आहेत. जिथे एका फळात अनेक माद्या शिरतात तिथे एकीचे कृमी दुसरीच्या मुलींवर स्वार होऊ शकतात, आणि तिथे ते मादीचे भरपूर नुकसान करतात. झाडे एकाच वर्गातली, माशा आणि कृमी एकमेकांचे नातलग. फरक फक्त पुढे जाण्याच्या वाटेचा. याच तर्काची दुसरी बाजू व्होल्बाकिया जीवाणूत दिसते. तो आईकडून पिलांत, अंड्यांतूनच जातो. कॅलिफोर्नियातल्या फळमाशांमध्ये सुरुवातीला त्याची लागण झालेल्या माशा १५ ते २० टक्के कमी अंडी घालत. वीसेक वर्षांत तो जीवाणू बदलला आणि लागण झालेल्या माशा उलट सुमारे १० टक्के जास्त अंडी घालू लागल्या. परजीवी मवाळ होतो तो असा, यजमानाच्या संततीखेरीज त्याला दुसरा रस्ता नसतो तेव्हा.

माणसाच्या शरीरात या झगड्याच्या सर्वांत खोल खुणा मलेरियाने सोडल्या आहेत. रोग हा उत्क्रांतीतला मोठा निवडकर्ता आहे आणि रक्तातले काही दोष मलेरियामुळे टिकून राहिले असावेत, हा विचार जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये मांडला. हेच हाल्डेन पुढे भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. अँथनी अॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखवले की सिकलसेलचे जनुक एकाच पालकाकडून मिळालेल्या मुलांना मलेरियापासून संरक्षण मिळते. दोन्ही पालकांकडून ते मिळाले की मात्र तीव्र वेदनांचा, आयुष्य कमी करणारा आजार होतो. भारतात हे जनुक लेहमान आणि कटबुश यांनी १९५२ मध्ये निलगिरीत नोंदवले, आणि गडचिरोली, नंदुरबार, विदर्भातल्या आदिवासी आणि इतर कुटुंबांना त्याचे ओझे आजही वाहावे लागते. आपल्याकडचे हे जनुक आफ्रिकेतून आलेले नसून भारत-अरबस्तान पट्ट्यात वेगळेच उपजले, असे त्याच्या शेजारच्या जनुकखुणांवरून मानले जाते. तसे असेल, तर तीच गरज तोच उपाय दोनदा काढते. एका समाजाला मलेरियापासून वाचवण्याची किंमत त्यातल्या काही मुलांनी चुकवायची, इतका महागडा तोडगा निवडीने चालवून घेतला, यावरून तो परजीवी किती घातक होता हे कळते. आणि परजीवी स्वस्थ बसलेला नाही. गांबिया आणि केनियातल्या मुलांच्या रक्तातल्या मलेरियाच्या परजीवींची जनुके तपासल्यावर २०२१ च्या अखेरीस असे प्रसिद्ध झाले की काही परजीवींत असे बदल आहेत की ते सिकल जनुकाचे संरक्षण बऱ्याच अंशी निष्प्रभ करतात. हजारो वर्षांच्या सहवासानंतरची ही स्थिती आहे.

यावर एक गंभीर आक्षेप उरतो. आपल्या अंगावर आणि आतड्यांत असंख्य जीव राहतात आणि त्यांतले बहुतेक काहीच त्रास देत नाहीत; मग जुने सहवासी सौम्यच असतात असे का म्हणू नये? याचे पहिले उत्तर असे की आपल्याला दिसतात ते टिकलेले. ज्या जोड्यांत यजमान पार संपला त्या मोजायला कोणी उरलेले नाही, म्हणून उरलेल्यांची सरासरी सौम्य वाटते. दुसरे, सौम्यतेला वयाखेरीज दुसरी कारणे असतात. युरोपीय कोकिळेचे पिल्लू डोळेही उघडायच्या आत घरट्यातली यजमानाची अंडी पाठीवर घेऊन बाहेर ढकलते. देवीची लस शोधणाऱ्या एडवर्ड जेन्नर यांनी १७८८ मध्येच हे वर्णन केले होते. आपल्या कोकिळेचे पिल्लू कावळ्याची पिल्ले सहसा ढकलत नाही. त्यामागे कावळ्याशी अधिक जुना स्नेह शोधण्याची गरज नाही; कावळ्याची अंडी मोठी, घरटे खोल, आणि ढकलण्याचे कष्ट परवडत नाहीत, हे स्पष्टीकरण जास्त पटते. उलट दिशेचा आक्षेपही मान्य करायला हवा: सगळा मारकपणा परजीवीच्या फायद्याचा नसतो. नाकात-घशात निमूट राहणारा मेंदूज्वराचा जीवाणू रक्तात शिरून मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो तेव्हा तिथून त्याला पुढे जायला वाटच नसते. रुग्ण मरतो आणि त्या जीवाणूचाही शेवट होतो. पोलिओच्या विषाणूचे मज्जातंतूंपर्यंत पोचणे असेच. अशा ठिकाणी प्रसाराचा हिशेब लावून कारण सापडत नाही. पण हा मुद्दा ‘आपोआप सौम्य होईल’ या समजुतीला आणखीच दुबळा करतो. ज्या इजेवर निवडीची नजरच नाही ती इजा निवड दूर कशी करणार?

हा विचार लसीकरणाला लावताना फार काळजी घ्यायला हवी, कारण त्याचा विपर्यास सहज होतो. कोंबड्यांना मारेक रोग होतो. १९०७ मध्ये योझेफ मारेक यांनी नोंदवला तेव्हा तो तुलनेने साधा पक्षाघात होता. १९७० च्या सुमारास लस आली. ती कोंबडीला मरू देत नाही, पण विषाणूचा प्रसार पूर्ण थांबवत नाही. आज सर्वांत जहाल वाण लस न दिलेल्या कोंबड्यांना दहा दिवसांत मारतात, आणि अँड्रू रीड यांच्या गटाने २०१५ मध्ये प्रयोगाने दाखवले की लसवंत कोंबड्यांमुळेच असे वाण टिकून पसरू शकतात. यावरून लस वाईट असा निष्कर्ष काढणे चूक आणि घातक आहे. लस घेतलेली कोंबडी जगते, न घेतलेली मरते. गोवराची लस सहा दशके वापरात आहे आणि गोवराचा विषाणू तिला चुकवू शकलेला नाही, कारण ती लागणच रोखते. धडा इतकाच की प्रसार तोडणारा उपाय हा केवळ आजार झाकणाऱ्या उपायापेक्षा वरचढ असतो. कोविडलाही हेच लागू होते. त्याची लागण बहुतांशी लक्षणे दिसण्याच्या सुमारासच्या काही दिवसांत होते आणि मृत्यू येतो दोन-तीन आठवड्यांनी. तोपर्यंत विषाणू पुढे गेलेला असतो. रुग्ण जगला काय, मेला काय, त्याच्या प्रसारात फारसा फरक पडत नाही, मग सौम्य होण्याचा दबाव येणार कुठून? ओमिक्रॉन सौम्य निघाला, असे कोणी म्हणेल. पण तो डेल्टातून उपजलेला नव्हता, वेगळ्या फांदीतून आला. आणि तो आला तेव्हा बहुतेक लोकांच्या अंगी लस किंवा आधीची लागण होती. २०२२ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये लस न घेतलेल्या वृद्धांमध्ये त्याच ओमिक्रॉनने मोठी प्राणहानी केली.

म्हणून परजीवीच्या चांगुलपणाची वाट पाहणे हे आरोग्याचे धोरण होऊ शकत नाही. त्याची वाट अडवणे हेच धोरण. नारू या कृमीइतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. तो फार पुरातन. इजिप्तच्या एका ममीतही त्याचे अवशेष सापडले आहेत. मादी कृमी पायाच्या कातडीखाली येऊन आग होणारा फोड आणते. त्या आगीने कासावीस झालेला माणूस पाय पाण्यात बुडवतो आणि त्याच क्षणी ती हजारो पिले पाण्यात सोडते. ती वेदना हाच नारूचा रस्ता होता, म्हणून हजारो वर्षांत ती कमी झाली नाही. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत गावोगावी तो होता. त्याच्यावर लस नव्हती, मारणारे औषधही नव्हते. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे, पाणी कापडातून गाळून पिणे, रुग्णाला पाणवठ्यापासून दूर ठेवणे, इतकेच केले गेले. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.